आधी लाल दाखव

मी जळगावला नोकरीला लागले तेव्हा गावात सगळ्यांना एवढंच माहीत होतं की मुलगी कॉम्प्युटरवर काम करते. कसलं काम, हे मलाही नीट सांगता यायचं नाही. शेवटी आईनंच आपल्या मनानं एक वाक्य बसवलं. शेजारणींना ती सांगायची, "ती मशीनले सवाल इचारस." माझ्या कामाचं याहून चांगलं वर्णन मला नंतर कुठल्या पुस्तकातही सापडलं नाही.

आमचं गाव सोनगीरजवळ, हायवेपासून थोडं आत. वडिलांना आम्ही नाना म्हणतो. त्यांची पिठाची गिरणी होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकून मी धुळ्याला कॉलेजला गेले. तिथे एका कॉम्प्युटरसमोर आम्ही चौघी बसायचो आणि माऊस आळीपाळीनं हातात घ्यायचो. पदवीपर्यंत पोचलेली आमच्या घरातली मी पहिलीच. त्यामुळे जळगावच्या त्या पंधरा माणसांच्या कंपनीनं मला घेतलं तेव्हा मला ते ऑफिस एखाद्या देवळासारखं वाटलं होतं. खरं तर ते मोटर बांधणाऱ्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. दिवसभर खालून तांब्याच्या तारांना लावायच्या वार्निशचा वास यायचा. दुपारी आम्ही जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरून जेवायचो. माझ्या डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी असली की ती माझ्या वाट्याला कधी उरायची नाही. आता कंपनी मोठ्या जागेत गेली आहे, जेवायला टेबलं आहेत. कुठे वार्निशचा वास आला की माझे पाय अजून रेंगाळतात.

आमची कंपनी केळी पिकवायच्या चेंबरसाठी प्रोग्राम तयार करायची. आत किती थंड ठेवायचं, पिकवायचा गॅस कधी सोडायचा, कधी बंद करायचा, आतली हवा कधी बाहेर काढायची, हे सगळं तो प्रोग्राम बघायचा. तो लिहिणारे वेगळे. तो नीट चालतो की नाही हे तपासणारा दुसरा प्रोग्राम लिहिणं हे माझं काम. हा दुसरा प्रोग्राम कॉम्प्युटरवरच खोटंखोटं चेंबर चालू करायचा, दार उघडायचा, लावायचा, लाइट घालवायचा, आणि प्रत्येक पायरीला एक ठाम विधान करायचा. आता तापमान अठरा असलंच पाहिजे. आता पंखा बंद असलाच पाहिजे. या विधानाला आम्ही असर्ट म्हणायचो. विधान खरं निघालं की पडद्यावर हिरवी ओळ यायची. खोटं निघालं की लाल ओळ, आणि तपासणी तिथेच थांबायची.

ही थांबण्याची पद्धत आबांची. आबा म्हणजे माझे वरिष्ठ. वय चाळिशीच्या आतलं, पण केस पांढरे झालेले, म्हणून सगळं ऑफिस त्यांना आबा म्हणायचं. ते धुळ्याकडचे. साहेबांपुढे शुद्ध बोलायचे आणि मशीन अडलं की अहिराणीवर यायचे. मला असर्ट म्हणजे काय हे त्यांनी शिकवलं, आणि शिकवताना माझ्या इंग्रजीला एकदाही हसले नाहीत. हे उपकार लहान नव्हेत.

पण त्यांच्या पद्धतीनं काम फार रखडायचं. पूर्ण तपासणीत चाळीस विधानं होती, आणि ती चालायला दीड-दोन तास लागायचे. तिसऱ्याच पायरीला लाल आलं की पुढच्या सदतीस पायऱ्यांचं काय, ते कळायचंच नाही. ती चूक दुरुस्त करायची, पुन्हा चालवायचं, की सातव्या पायरीला लाल. चोपड्याचा एक प्रोग्रामर माझ्या शेजारी बसायचा. माणूस मनानं चांगला, पण जीभ तिखट.

"तुझी तपासणी म्हणजे नवी नवरी आहे," तो म्हणायचा. "उंबऱ्यालाच अडखळते. आत घर कसंय ते तिला कधी दिसायचंच नाही."

एकदा साहेबांनीही विचारलं, "रोज एकच चूक कळते. बाकीच्या एकदम कळायला काही करता येईल का?" मी तेव्हा कच्चीच होते, सहा महिन्यांच्या मुदतीवर. मला काहीतरी करून दाखवायचं होतं.

मला नानांची गिरणी आठवली. गिरणीत एक नियम होता. वरच्या पेटीत धान्य असताना गिरणी थांबवायची नाही. दगडांत धान्य अडकलेलं असलं की मोटर पुन्हा भार घेत नाही. त्यामुळे मधेच दगड जाड दळायला लागले तरी नाना गिरणी चालूच ठेवायचे. ज्या डब्यात जाडं पीठ गेलं असेल त्या डब्यावर खडूनं एक रेघ मारायचे आणि पुढचं दळण घ्यायचे. एका डब्यासाठी वीस बाया उन्हात उभ्या करायच्या नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

मी तसंच केलं. विधान खोटं निघालं तरी तपासणी थांबवायची नाही. चूक एका वेगळ्या फायलीत लिहून ठेवायची आणि पुढे जायचं. दोन दिवसांत मी चाळीसही विधानांना तशी सोय केली. तिसऱ्या दिवशी तपासणी पहिल्यांदा शेवटपर्यंत गेली, आणि शेवटी पडद्यावर हिरवी पट्टी आली. चोपड्याच्या प्रोग्रामरनं टाळ्या वाजवल्या. आबा त्या आठवड्यात घरच्या लग्नासाठी धुळ्याला गेले होते. परत आल्यावर त्यांनी हिरवी पट्टी पाहिली, "बठ्ठं हिरवं शे? चांगलं शे," म्हणाले आणि दुसऱ्या कामाला लागले. मी घरी फोन करून सांगितलं की साहेब खूश आहेत.

याच सुमाराला रावेरचे एक व्यापारी ऑफिसात आले. वय साठीच्या पुढे, पांढरा कुर्ता, बोटांना केळीच्या चिकाचे काळे डाग. सगळे त्यांना चाचा म्हणत. रावेरचा माल बहुतेक कच्चाच ट्रकमध्ये भरून दूर जातो. चाचांनीही आयुष्यभर तेच केलं होतं. आता त्यांनी जवळच्या बाजारांसाठी स्वतःचे दोन चेंबर बांधले होते, आणि रमजान तोंडावर आला होता. रोजा सोडताना घरोघरी केळी लागतात. पहिला माल त्यातच उतरवायचा होता.

"बेटी, मला तुमचं हे काही समजत नाही," ते माझ्या खुर्चीशेजारी बसून म्हणाले. "मला एकच सांग. गॅस सोडल्यावर चोवीस तास दार बंद. चोवीस तास झाले की हवा बाहेर काढायची. उशीर झाला की माल गुदमरतो. साल धड पिवळी होत नाही आणि आत गर मऊ पडतो. बरोबर?"

"बरोबर, चाचा."

"मग मधेच लाइट गेली तर?"

"ते आम्ही तपासलंय." मी तपासणीतल्या फक्त लाइटच्या पायऱ्या चालवल्या, शेवटची हिरवी पट्टी त्यांना दाखवली. "लाइट गेली, परत आली, तरी तासांची मोजणी पुढे चालू राहते. हे बघा."

त्यांनी डोळे बारीक करून पट्टीकडे पाहिलं. "हिरवं म्हणजे ठीक?"

"हिरवं म्हणजे ठीक."

"तू तपासलंय ना? मग झालं," असं म्हणून ते उठले.

ज्या दिवशी रावेरला माल भरायचा होता त्या दिवशी सकाळी आमचा एक माणूस प्रोग्राम बसवायला पहिल्या गाडीनं गेला होता. मी ऑफिसात साहेबांसाठी अहवाल तयार करत होते. किती वेळा तपासणी केली हे लिहायला आकडा हवा होता, म्हणून मी चुकांची ती फाईल पहिल्यांदा उघडली. फाईल रिकामी असेल अशी माझी खात्री होती. ती बरीच लांब होती. रोजच्या तपासणीखाली एकच ओळ पुन्हा पुन्हा लिहिलेली होती: चौदाव्या तासाला लाइट जाऊन परत आल्यावर झालेले तास, हवेत चौदा, आहेत शून्य.

मला समजायला थोडा वेळ लागला. मी चूक लिहून ठेवायला सांगितलं होतं, आणि मशीननं इमानदारीनं लिहून ठेवली होती. पण शेवटी ती फाईल उघडून बघायला आणि आत काही असेल तर लाल व्हायला मी मशीनला कधी सांगितलंच नव्हतं. चाळीसच्या चाळीस विधानं खोटी ठरली असती तरी माझी पट्टी हिरवीच आली असती.

मी शेजारी सांगितलं. चोपड्याच्या प्रोग्रामरनं खुर्ची सरकवून फाईल वाचली. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं, कारण मूळ चूक त्याच्याच प्रोग्राममध्ये होती.

"हे बघ," तो हळू आवाजात म्हणाला, "चौदाच्या जागी शून्य लिहून टाक. शून्यच बरोबर आहे असं धर. मी दोन दिवसांत आतून दुरुस्त करतो. लाइट काय आजच जाणार आहे का?"

"रावेरला?" मी म्हणाले.

त्यानं खुर्ची परत आपल्या जागेवर सरकवली.

खोटं कशाला सांगू, तो आकडा बदलावासा मला वाटला होता. माझी मुदत संपायला तीन आठवडे होते. कच्च्या नोकरीवरून परत घरी जायचं, हायवेवर उतरून गावापर्यंत चालत जायचं, आणि वाटेत प्रत्येकानं विचारायचं, एवढं चित्र डोळ्यांसमोर स्पष्ट उभं राहिलं. पण चाचा त्या पट्टीकडे डोळे बारीक करून बघत होते तेही दिसत होतं. माल त्यांचा होता, आणि बंद दाराआड तो बिघडायला एक रात्र पुरली असती. मी उठले आणि आबांच्या टेबलाशी गेले.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. "माले दखाड," म्हणाले. मी फाईल दाखवली. त्यांनी वरून खालपर्यंत वाचली आणि टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला.

"मी सांगू?" मी विचारलं.

"हिरवं कोनी दखाडं?"

मी चाचांना फोन लावला. मागे ट्रॅक्टरचा आवाज होता आणि कोणीतरी क्रेट मोजत होतं.

"चाचा, मी जळगावहून. तपासणीवाली."

"बोल बेटी."

"मी त्या दिवशी तुम्हाला हिरवं दाखवलं ते चुकीचं होतं. लाइट गेली तर तासांची मोजणी पहिल्यापासून सुरू होईल."

"म्हणजे हवा कधी काढायची ते मशीनला कळणार नाही?"

"नाही कळणार."

"आणि हे तुला आज कळलं."

"हो."

"माल तर आत गेला, बेटी. कापलेला माल झाडाला परत लावता येत नाही."

मी माफी मागायला लागले तसे ते म्हणाले, "ते नंतर. आधी काय करायचं ते सांग." मग आबांनी फोन घेतला. चेंबरच्या भिंतीवर हातानं चालवायची बटणं होती. गॅस हातानं सोडायचा, वेळ लिहून ठेवायची, आणि चोवीस तास झाले की हवा हातानं काढायची, मशीन काहीही सांगो, असं ठरलं. फोन ठेवून आबा म्हणाले, "चल. आपण दाखवलेलं आपणच जाऊन परत घ्यायचं असतं."

आम्ही बसनं निघालो. भुसावळ मागे गेलं, सावदा आलं, दोन्ही बाजूंना केळीचे मळे सुरू झाले, तरी मी खिडकीबाहेर बघायचं टाळत होते. आबांनी विचारलं, "तुला ही न थांबवायची कल्पना सुचली कुठून?" मी गिरणीचं सांगितलं. पेटीतलं धान्य, मोटर, खडूची रेघ. ते मन लावून ऐकत होते.

"मंग नाना खडूना डबासनं काय करतस?" ते म्हणाले.

मला उत्तर तोंडपाठ होतं. लहानपणी रोज बघितलेलं होतं. दळण संपलं की नाना गिरणी बंद करण्याआधी प्रत्येक खडूच्या डब्यापाशी जायचे, चिमटीत पीठ घेऊन चोळून बघायचे, आणि जाडं असेल ते पुन्हा दळायचे. एकही रेघ शिल्लक असेपर्यंत ते गिरणीचं बटण बंद करत नसत. मी त्यांची अर्धी पद्धत आणली होती. आबांना मी हे सांगितलं. त्यांनी पुढच्या सीटकडे बघत मान हलवली आणि म्हणाले, "पद्धत वाईट नाही. माझ्यापेक्षा बरी आहे. शेवट लाव तिला."

आम्ही रावेरला पोचलो तेव्हा गॅस सोडून झाला होता. चेंबरचं काम चाचांची सून बघायची. मी तिला भाभी म्हणाले. ती माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिनं गॅस सोडल्याची वेळ मिनिटासकट लिहिली होती आणि मोबाईलमध्ये दुसऱ्या दिवसाचा गजर लावला होता. चाचांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. रागाचं काही बोलले नाहीत. त्यानं मला जास्तच लाज वाटली.

चार वाजता लाइट गेली. जनरेटर चालू व्हायला दोन मिनिटं लागली. लाइट आल्यावर आम्ही सगळे भिंतीवरच्या छोट्या पडद्यापुढे जमलो. गॅस हातानं सोडला तरी मशीन आपली मोजणी करतच होतं, आणि त्याआधी तिथे चार तास दिसत होते. आता शून्य दिसत होतं. माझी लाल ओळ कॉम्प्युटरच्या बाहेर, खऱ्या मालासमोर, मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

भाभीनं कॅलेंडरवर बोट ठेवलं. "आमचे चारच आहेत," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ठरलेल्या मिनिटाला तिनं हवा हातानं काढली. पाचव्या दिवशी चाचांनी माझ्या मोबाईलवर एक फोटो पाठवला. क्रेटमधल्या फण्या एकसारख्या पिवळ्या. खाली एक अक्षरही नव्हतं.

दरम्यान जळगावला चोपड्याच्या प्रोग्रामरनं मोजणी दुरुस्त केली. मीही माझ्या तपासणीला शेवट लावला. सगळी विधानं बघायची, चुका गोळा करायच्या, आणि शेवटी एक जरी चूक निघाली तरी सगळी यादी दाखवून लाल व्हायचं. आता तपासणी हिरवी येत होती. आबांनी स्वतः फाईल उघडून ती रिकामी असल्याचं बघितलं. साहेबांना मी सगळं जसं झालं तसं सांगितलं होतं. ते एवढंच म्हणाले होते की रावेरचं आधी पुरं होऊ दे, मग बघू.

रोजे सुरू झाले होते. चाचा भाभीला घेऊन ऑफिसात आले. दुसऱ्या चेंबरमध्ये माल भरायचा होता, आणि आमचा प्रोग्राम तिथे ठेवायचा की कायमचा काढून टाकायचा हे त्यांना ठरवायचं होतं. चहाचा प्रश्न नव्हता. ते त्याच खुर्चीवर बसले. मी तपासणी चालवायला गेले तसा त्यांनी हात वर केला.

"हिरवं मी मागे पाहिलंय. आधी लाल दाखव."

मला समजलं नाही. भाभीनं समजावलं, "अब्बा म्हणतात, आधीचा चुकीचा प्रोग्राम परत लावा. तुमची तपासणी तो पकडते का ते बघू."

आबा मागे उभे होते. हे आपल्याला का सुचलं नाही असा त्यांचा चेहरा झाला. मी जुना प्रोग्राम लावला. वेळ वाचवायला फक्त लाइटच्या पायऱ्या चालवल्या. शेवटी लाल पट्टी आली आणि तिच्याखाली ओळ: हवेत चौदा, आहेत शून्य. भाभीनं ती मोठ्यानं वाचली. चाचांनी मान डोलावली. मग दुरुस्त केलेला प्रोग्राम लावला. हिरवं.

"आणि दोनदा गेली तर?" भाभीनं विचारलं. "एकदा येऊन लगेच पुन्हा जाते ना. आमच्याकडे तर रोजच."

हे विधान माझ्या चाळीसांत नव्हतं. त्यांच्यासमोरच मी ते लिहिलं. लाइट घालव, आण, मिनिटाच्या आत पुन्हा घालव, पुन्हा आण. हवेत चौदा. ऑफिसात सगळे माझ्या खुर्चीमागे आले होते. तपासणी शेवटपर्यंत गेली आणि लाल झाली. आहेत शून्य.

चोपड्याचा प्रोग्रामर कपाळाला हात लावून आपल्या जागेवर गेला आणि तिथूनच म्हणाला, "वहिनी, तुम्ही आमच्याकडे नोकरीला या. हिला रावेरला पाठवू."

भाभी हसली. मी चाचांकडे बघायला घाबरत होते. नव्या दुरुस्तीतही चूक निघाली होती, तीही त्यांच्यासमोर. आता ते उठतील आणि प्रोग्राम काढून न्यायला सांगतील, असं मला वाटलं.

ते खरोखर उठले. टोपी नीट केली. "हा माल आम्ही हातानंच पिकवतो," ते म्हणाले. "सुनेचं कॅलेंडर आहे. तुम्ही दुरुस्त करा. पुढच्या मालाला बसवा." मग माझ्याकडे वळले. "बेटी, त्या दिवशी तू फोन केला नसता तर मी आज इथे आलो नसतो. आज तू माझ्यासमोर लाल काढलंस. आता तू हिरवं म्हणशील तर मी ते खरं धरून चालेन."

दुरुस्तीला तीन दिवस लागले. पुढचा माल आमच्या प्रोग्रामवर पिकला. मुदत संपल्यावर मला कायम केलं, त्याचं पत्र आबांनीच टेबलावर आणून ठेवलं. पुढे ते धुळ्याला परतले. तिथल्या एका कॉलेजात शिकवतात आणि कधीमधी फोन करतात.

तो प्रोग्राम त्यानंतर दोनदा पूर्ण नव्यानं लिहिला गेला. तपासणीतली विधानं आता कितीतरी वाढली आहेत. मागच्या महिन्यात कामाला आलेल्या एका मुलीनं मला विचारलं की एक्केचाळिसाव्या विधानात लाइट एका मिनिटात दोनदा का घालवलीय, हे कोणाच्या डोक्यातून आलं. मी म्हणाले, रावेरच्या एका भाभीच्या. ती हसली, तिला वाटलं मी गंमत करतेय. मी तिला खुर्ची ओढायला सांगितली आणि म्हटलं, आधी प्रोग्राम मुद्दाम बिघडव आणि हे विधान लाल होतं का ते बघ. मग आपण पुढचं बोलू.